छाती कोरडी होईपर्यंत

ऑक्टोबर लागला की कळंबला छाटण्या सुरू झाल्याचं मला बारामतीत बसून कळतं. कुणी फोन करून सांगावं लागत नाही. मी राहते कन्हेरीला. तिथून कॉलेजला शिकवायला येताना रस्त्याकडेच्या एका द्राक्षबागेतली पानं उतरलेली दिसतात, नुसत्या काड्या उन्हात तांबूस चमकत असतात, आणि बांधावर छाटणीचे ढीग पडलेले असतात. त्या ढिगांना दुपारपर्यंत एक ओला, हिरवट, किंचित आंबूस वास असतो. मग काही दिवस जातात, काड्यांवरचे डोळे फुगायला लागतात, कोवळ्या फुटीवर उडद्या भुंगेरा येतो, त्यावर फवारणी होते, आणि बागेतून दुसरा वास यायला लागतो. हा दुसरा वास मला नीट शब्दांत कधी धरता आलेला नाही. थोडा लसणीचा, थोडा रॉकेलचा, आणि मागे काहीतरी गोडूस. विद्यार्थी नाकाला रुमाल लावतात. मला मात्र घरी आल्यासारखं वाटतं, आणि त्याच क्षणी सावधपणाही जागा होतो.

घरी आल्यासारखं वाटतं, कारण माझ्या अब्बांचं कळंबला खतं-औषधांचं दुकान आहे. गाव त्यांना इक्बालभाई म्हणतं. लहानपणी मला बाटल्यांना हात लावायची परवानगी नव्हती, पण युरियाच्या पोत्यावर बसून मी लेबलांवरचे त्रिकोण ओळखायचे. हिरवा, निळा, पिवळा, लाल. हिरवा सौम्य, लाल सगळ्यात जहाल. मला अक्षरं येण्याआधी हे रंग येत होते. लाल त्रिकोणाच्या बाटल्या अब्बा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे आणि काढून देताना दरवेळी तेच वाक्य म्हणायचे, “जपून मारा बरं का.” घेणारा मान हलवायचा आणि बाटली पिशवीत टाकून चालायला लागायचा.

आमच्याकडे या सगळ्याला औषधच म्हणतात. तापाची गोळी औषध आणि भुंगेऱ्यावर मारायचं पांढरं पाणीही औषध. “औषध मारलं का?” हा बागेतला रोजचा प्रश्न. “औषध घेतलं का?” हा आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारायचा. आणि “औषध प्यायलं” असं कुणाबद्दल कानावर आलं की ऐकणारा आधी पायात चप्पल घालतो. एका शब्दाचे हे तीन अर्थ मी मोठी होईपर्यंत कधी वेगळे केले नव्हते. ते वेगळे करायला मला एका हंगामानं शिकवलं.

तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते, आणि मधल्या वर्षात होते, जिथे सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. मी काम करायचे ते माणसाच्या मज्जातंतूंच्या गाठीतल्या पेशींवर. प्रयोगशाळेत या पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी द्रावणात वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तळाला चिकटून बसलेल्या दिसतात, आणि एकमेकींकडे बारीक, लांब हात काढत असतात. त्यांच्या अंगावर मस्कॅरिनिक नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीचा कान. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते या कानाशी येऊन बसतं, आणि पेशी काहीतरी करते. पण सगळे कान सारखे नसतात. मस्कॅरिनिक रिसेप्टरचे पाच उपप्रकार आहेत, एम-वन ते एम-फाइव्ह. हृदयावरचा एम-टू ठोके मंद करतो. लाळेच्या, घामाच्या ग्रंथींवरचा आणि श्वासनळीतला एम-थ्री पाणी सोडतो. माझा प्रश्न सरळ होता: माझ्या पेशींवर या पाचांपैकी कोण कोण आहेत, आणि काम कोण करतो?

उत्तर जवळ आल्यासारखं वाटत असतानाच आमच्या इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली. एका सकाळी बाटलीत कापसासारखे पुंजके तरंगताना दिसले. दुसऱ्या दिवशी सगळ्याच बाटल्यांत. सगळं फेकून द्यावं लागलं आणि खोली निर्जंतुक करायला बंद ठेवावी लागली. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “नव्या पेशी येईपर्यंत इथं बसून काय करशील? घरी जाऊन ये.” मी एसटीनं कळंबला आले. अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं ऐकलं आणि मागच्या फळीकडे बोट केलं, “बुरशीवर आपल्याकडं लई प्रकार हायत. जाताना एखादं घिऊन जा.”

ते छाटणीनंतरचे दिवस होते. आमच्या दुकानाच्या मागच्या दारातून दत्तूतात्यांची बाग दिसते. त्यांची बायको सिंधूकाकी. अम्मी एक वर्ष अंथरुणाला होती, तेव्हा शाळेत जाण्याआधी माझ्या वेण्या घालायची ती हीच. तिच्या हाताला द्राक्षाच्या पानांचा वास असायचा आणि वेणी इतकी घट्ट असायची की माझे डोळे ताणले जायचे. मी ओरडले की म्हणायची, “ताणल्याबिगर येल सरळ जात न्हाय.”

तात्यांकडे तेव्हा फवारणीसाठी ट्रॅक्टरचा ब्लोअर नव्हता. बांधावर पंप, त्याला लांबलचक नळी आणि टोकाला गन. तात्या गन धरून ओळीतून पुढे चालायचे. मागे काकी नळी ओढायची, म्हणजे ती वेलींच्या खोडांत अडकू नये. लांबून पाहिलं तर वाटतं, औषध मारणारा एकच माणूस आहे. पण गन धरणारा वारा बघून चालतो, तोंडाला रुमाल बांधतो. नळी ओढणारी बाई त्यानं मारून ठेवलेल्या तुषारांमधून चालते. मी ते लहानपणापासून बघत आले होते आणि कधी बघितलंच नव्हतं.

त्या सकाळी काकी मागच्या दारानं आली आणि पायरीवर बसली.

“शाहीन, आगं जरा पाणी दे. लई गरगरतंय.”

तात्या तिच्या मागोमाग आले. “उन्हानं आसंल. सकाळधरनं च्यासुदीक न्हाय घेतला तिनं.”

मी तांब्या घेऊन आले तर काकीच्या चेहऱ्यावरून घाम टपटप गळत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ती पदरानं तोंड पुसत होती आणि पदर लाळेनं ओला झाला होता. ती खोकली, तो खोकला पाण्यात बुडाल्यासारखा वाटला. मी तिचा चेहरा वर केला. डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीएवढ्या. उन्हात बाहुल्या बारीक होतातच, म्हणून मी तिला हाताला धरून दुकानाच्या आत नेलं, पोत्यांच्या थप्पीमागच्या अंधारात. तिथंही त्या तेवढ्याच राहिल्या. तिच्या पोटरीचा मांसल भाग आपोआप थरथरत होता, कातडीखाली काहीतरी सरपटावं तसा.

मला एका क्षणाचीही शंका आली नाही. जे मी इतके महिने काचेच्या बाटलीत करत होते, पेशींवर इशाऱ्याचं रसायन ओतायचं आणि त्या काय करतात ते बघायचं, ते माझ्यासमोर एका माणसात चाललेलं होतं. अ‍ॅसिटिलकोलीनचं काम झालं की ते मोडून टाकायची सोय शरीरात असते. या जातीची कीटकनाशकं तीच सोय बंद पाडतात. मग इशारा थांबतच नाही. घाम, लाळ, अश्रू, छातीतलं पाणी, हे सगळं एम-थ्रीचं. मी नाडी धरली. मंद. ते एम-टूचं. पुस्तकातल्या आकृत्या सिंधूकाकीच्या चेहऱ्यावर उमटल्या होत्या.

“तात्या, हे ऊन न्हाय. औषध लागलंय.”

“प्यायली न्हाय ती!” तात्या जवळजवळ ओरडलेच.

“प्यायली न्हाय. कातडीतनं आत गेलंय.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पदर आणि ब्लाउज दोन्ही भिजलेले होते, आणि तो नुसता घाम नव्हता. हाताला तोच लसणीचा वास आला. नळीचा एक सांधा गळत होता, आणि ओढायला सोपं जावं म्हणून नळी तिनं खांद्यावर घेतली होती. सकाळभर ती गळती तिच्या पाठीवर झिरपत राहिली होती.

अम्मीनं चादर धरली. मी हातमोजे चढवून काकीचं लुगडं उतरवलं आणि साबणानं तिची पाठ, मान, केस, सगळं पुन्हा पुन्हा धुतलं. ती कुडकुडत म्हणत होती, “आगं, लोकं बघतील.” अम्मी म्हणाली, “बघू दे. मी हाय ना उभी.” माझा सलवार-कमीज तिच्या अंगात घातला. अब्बांनी पिकअप काढली. जाताना ते तात्यांच्या बांधावर गेले, लाल त्रिकोणाची रिकामी बाटली शोधली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर घेतली.

बारामतीपर्यंतच्या रस्त्यावर मी मागे बसले होते, काकी माझ्या मांडीवर एका कुशीवर. तिच्या तोंडातून फेस येत होता, मी तो पुसत होते. दोन्ही बाजूंना उसाचे फड होते आणि कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या. काकीच्या प्रत्येक श्वासाला खालून बुडबुडा फुटल्याचा आवाज यायचा. मला त्या आवाजाचं नाव माहीत होतं, कारण माहीत होतं, उतारा माहीत होता. हातात मात्र फक्त एक ओला टॉवेल होता. माहिती असणं आणि औषध हाताशी असणं यात किती रस्ता असतो, ते त्या दिवशी मला कळलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक नजर टाकली, हात कामाला लागले, आणि तोंडानं विचारलं, “किती प्यायल्या?”

तात्या उभ्या जागी विरघळल्यासारखे झाले. मी म्हटलं, “प्यायल्या नाहीत. नळी गळत होती, पाठ भिजली. धुऊन आणलंय. ही बाटली.” डॉक्टरांनी लेबल वाचलं, मान हलवली आणि नर्सला अ‍ॅट्रोपिन काढायला सांगितलं. मग एक इंजेक्शन, थोडं थांबून दुसरं, त्याहून मोठं तिसरं.

मी काय शिकते ते अब्बांनी मधेच सांगून टाकलं होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. “ऐका.” काकीच्या छातीत एक आख्खा ओढा वाहत होता.

“बाहुल्या बघून थांबायचं नाही,” ते म्हणाले. “नुसती नाडी बघूनही नाही. छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं.”

पुढच्या इंजेक्शननंतर त्यांनी पुन्हा ऐकायला दिलं. ओढा उथळ झाला होता. मग नुसती घरघर. मग एका बाजूला स्वच्छ, कोरडा, वाऱ्यासारखा श्वास, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याही. अ‍ॅट्रोपिन मस्कॅरिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि अ‍ॅसिटिलकोलीनला जागा देत नाही, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, सेमिनारमध्ये म्हटलं होतं. ते कानानं ऐकण्याची वेळ माझ्यावर त्या एकाच दुपारी आली. पोटरीची थरथर मात्र अ‍ॅट्रोपिनला दाद देत नव्हती. तिथले रिसेप्टर वेगळ्या घराण्यातले. त्यासाठी वेगळं औषध चालू झालं होतं. मी तात्यांना सांगितलं, “छातीतलं पाणी हटलं.” ते जमिनीवर बसले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले.

अ‍ॅट्रोपिन आमच्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. धोतरा खाल्लेला माणूस बरळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. उताराही जास्त झाला की तेच होतं. संध्याकाळी काकीचा चेहरा लालबुंद झाला, ओठ कोरडे पडले आणि तिचे हात हवेत हलायला लागले. आधी मला कळेना. मग मी बघितलं, अंगठा आणि बोट जुळवून ती काहीतरी खुडत होती, खाली टाकत होती, पुढे सरकत होती.

“ही फेलफूट काढ,” ती मला म्हणाली. “ही ऱ्हाऊ दे. एका काडीला येवढं वझं नगं. शाहीन, तुझ्या बाजूचं राह्यलं बघ.”

वेलीवरची जास्तीची फूट काढायचं काम अजून काही दिवसांनी येणार होतं. पण ती दवाखान्याच्या खाटेवर आताच ते करत होती, ओळीत, न चुकता. नर्स हात बांधायला निघाली. मी म्हटलं, “राहू द्या, मी बसते.” मी माझ्या बाजूची फूट काढायला लागले. आम्ही दोघी हवेत खुडत बसलो. तात्या दाराशी उभे राहून बघत होते आणि त्यांना हसावं की रडावं ते समजत नव्हतं. हळूहळू तिचे हात मंदावले आणि ती झोपली.

विषबाधेचा रुग्ण आला की पोलिसांना कळवावं लागतं, तो नियमच आहे. सकाळी एक हवालदार जबाब घ्यायला आले. ते काही वाईट बोलले नाहीत, पण त्यांचा प्रश्नही डॉक्टरांच्या प्रश्नासारखाच सुरू झाला. काकी तोवर शुद्धीवर आली होती. आवाज घोगरा, पण नजर नेहमीची.

“मी प्यायली न्हाय, साहेब,” ती म्हणाली. “माझा माल फेब्रुवारीत निघायचाय. आत्ता कुठं डोळं फुगल्यात. आसं सोडून मी कशाला मरू?”

हवालदारांना हसू आलं. त्यांनी लिहून घेतलं. मला तेव्हा वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. काकी घरी आल्यावर बायाबापड्या बघायला यायच्या, मोसंबी आणायच्या, आणि उठताना आवाज खाली करून विचारायच्या, “घरात काय झालं व्हतं का?” पुरुष तात्यांशी बोलताना नजर चुकवायचे. काकीच्या माहेरहून भाऊ आला, तो तात्यांच्या हातचा चहा न घेता बसून राहिला. कातडीतून विष आत जातं यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. सगळेच आयुष्यभर त्या तुषारांत चाललेले. तसं असतं तर आपणही पडलो असतो, असा त्यांचा हिशेब. तात्यांनी बागेत जाणं सोडलं. बाग पोंग्यात, गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत आलेली, आणि मालक घराच्या भिंतीला टेकून बसलेला. जीव वाचला होता, पण त्या घराची अब्रू अजून खाटेवरच होती.

बाजाराच्या दिवशी अब्बांच्या दुकानात गर्दी होती. मी आत बिलं करायला बसले होते. काकी समोरच्या दारानं आली. चेहरा अजून फिका होता, चालताना धाप लागत होती. तिनं खांद्यावरून नळीचं वेटोळं उतरवलं आणि काउंटरवर ठेवलं. वेटोळं धुतलेलं होतं, आणि सांध्यापाशी तिनं चिंधी बांधून खूण केली होती. तिनं चिंधी सोडली, अब्बांकडून पाण्याची बाटली मागून घेतली, नळीत पाणी ओतलं आणि टोक अंगठ्यानं दाबलं. सांध्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडून काउंटरवर पडली.

“हितनं गळतंय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “ह्यानं मला पाजलं. पाठीतनं पाजलं. माझ्या घरात काय झालं न्हवतं. आता कुणाला काय इचारायचं ते ह्या नळीला इचारा.”

एका म्हाताऱ्यानं सांध्यावर बोट फिरवलं. मग मागून एक बाई हळूच म्हणाली, “आमच्या नळीचा सांधाबी तसाच हाय.” आणि दुसरी म्हणाली, “मला बी फवारणीच्या दिसाला डोळ्याम्होरं धुरकट दिसतं. पर सवय झालीया.” मी बिलांवरून उठले आणि पहिल्यांदा माझ्या गावाला माझा विषय सांगितला, माझ्या गावाच्या भाषेत. बाहुल्या कशा बघायच्या, अंधारात नेऊन का बघायच्या, कपडे का उतरवायचे, आधी साबण की आधी गाडी. मी बोलत असताना तात्या दाराशी येऊन उभे राहिले. कुणीतरी सरकून त्यांना बसायला जागा केली.

त्याच आठवड्यात अब्बांनी वरची फळी रिकामी केली. लाल त्रिकोण ठेवणार नाही म्हणाले. एक गिऱ्हाईक चिडलं, “भाई, तुमी न्हाय दिलं तर आमी इंदापुरातनं आणू.”

“आणा,” अब्बा शांतपणे म्हणाले. “पर बागंत जायच्या आधी हितनं जा. मी हातमोजं देतो, नळी तपासून देतो.”

काही लोक तुटले, ते परत आले नाहीत.

पुण्याला परत गेले तेव्हा नव्या पेशी आल्या होत्या. मी त्यांच्यात एक रंग भरला, जो पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं की उजळतो. मग इशाऱ्याच्या रसायनाचा थेंब सोडला. काळ्या पडद्यावर एक पेशी उजळली, मग शेजारची, मग सगळ्या, दिवाळीत गल्लीतल्या घरांवर एकापाठोपाठ दिवे लागावेत तशा. नंतर मी एकेका उपप्रकाराला अडवणारी औषधं देऊन पाहिली. एम-वनला अडवलं, उजेड थोडाच कमी झाला. एम-टूला अडवून काहीच फरक नाही. एम-थ्रीला अडवलं आणि पडदा काळा राहिला. काम करणारा तोच होता. पूर्वी हा नुसता निकाल वाटला असता. आता त्या काळ्या पडद्याकडे बघताना मला कोरडा, वाऱ्यासारखा श्वास ऐकू येत होता.

पण माझ्या डोक्यात त्या बाईचं वाक्य राहिलं होतं, सवय झालीया. म्हणून मी थेंबाऐवजी इशारा तासन्‌तास चालू ठेवून पाहिला. पहिल्यांदा पेशी उजळल्या, मग मंद झाल्या, मग इशारा असूनही गप्प. रिसेप्टर कुठे गेले ते शोधलं, तर ते पेशींनी आत ओढून घेतले होते. ऐकून थकलेली पेशी कान मिटून घेते. शरीराची सवय म्हणजे काय, त्याचं एक रूप माझ्यासमोर होतं. त्याचा अर्थ विष कमी झालं असा नव्हता. मी मॅडमना म्हटलं, मला उरलेला प्रबंध या प्रश्नावर लिहायचाय. त्या म्हणाल्या, “उत्तर अवघड येईल. पण प्रश्न तुझा आहे.” उत्तर अवघडच आलं. बाटलीतल्या पेशीवरून आख्ख्या बाईबद्दल किती बोलता येतं, याची हद्द मी पाळली. पण प्रश्न माझा होता आणि तो मी सोडला नाही.

पीएचडी झाल्यावर परदेशी का गेली नाहीस, असं लोक अजून विचारतात. मला बारामतीला यायचं होतं. कॉलेजनं एक छोटी खोली दिली. तिथं आता इन्क्युबेटर आहे, सूक्ष्मदर्शक आहे, आणि चार विद्यार्थिनी आहेत, ज्यांतल्या दोघींच्या आया नळी ओढतात. मी योग्य जागी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दर ऑक्टोबरला आम्ही अब्बांच्या दुकानासमोर उभ्या राहून बोलतो. तात्यांनी ब्लोअर घेतला. काकी आता नळी ओढत नाही, पण जी ओढताना दिसेल तिच्याकडे बांधावरून जाते, सांधे तपासते आणि ओरडते.

गेल्या आठवड्यात ती एका साखरपुड्याला बारामतीला आली होती. तिथून परस्पर माझ्या कॉलेजात. “तुझं ते काय हाय ते दाव एकदा,” म्हणाली. चपला दाराबाहेर काढल्या. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शक तिच्या डोळ्यांना जुळवून दिला. बराच वेळ तिला नुसतं पांढरं दिसत होतं. मग ती एकदम स्थिर झाली.

“हात काढल्यात की गं.”

“व्हय. एकमेकींकडं.”

“हे माणसाचं हाय?”

“माणसाचंच. परदेशातल्या एका लहान मुलीच्या आजारातनं घेतलेल्या पेशी. लई वर्षं झाली त्याला. ती मुलगी काही वाचली नसणार. पेशी जगभर वाढवतात अजून.”

काकीनं डोळा काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “तिच्या आईला ठाऊक हाय का?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता, मॅडमनाही विचारला होता. “मला माहीत न्हाय, काकी. त्या काळात बहुतेक कुणी विचारतच नसंल.”

तिनं मान हलवली. रागावली नाही, हळहळली नाही. आणखी थोडा वेळ बघत राहिली.

“खायला काय घालतीस?”

“हे गुलाबी पाणी. त्यात साखर, मीठ, जीवनसत्त्वं. दोन दिवसांनी बदलायचं असतं.”

“आज बदललं?”

“आज बदलायचंय.”

“मग बदल की. मी थांबते.”

मी हात धुतले, मोजे चढवले, काचेच्या कपाटात बाटली नेली. जुनं द्रावण काढून घेतलं, नवं हळूहळू, भिंतीवरून ओघळेल असं सोडलं, म्हणजे तळाशी बसलेल्या पेशींना धक्का लागू नये. काकी काचेपलीकडे पदर आवरून उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती, पापणी न लववता. बाटली पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ती वाकली आणि तिनं पुन्हा डोळा लावला.

“आता बरं वाटंल तिला,” ती म्हणाली.